जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत पाणी येतं, पण भोक सापडत नाही. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिशिगनमध्ये तुम्ही रिव्हेट (पत्रे एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या) मारलेली जुनी १४ फुटी अ‍ॅल्युमिनियमची बोट घेतलीत. मासे धरायला गेलात की दोनेक तासांत पायाखाली पाणी साचतं. घरी आणून सगळीकडून पाहिली, पण भोक कुठेच दिसत नाही. मग सगळ्या तळाला फटी बुजवणारं सीलंट फासून मोकळं व्हावं का?

नका फासू. निदान गळती सापडेपर्यंत तरी नाही. एकदा तळावर थर बसला की त्याखालचा रिव्हेट सैल आहे की घट्ट हे कळायला मार्गच उरत नाही. त्यातून हार्डवेअरच्या दुकानातलं साधं सिलिकोन लावलंत तर आणखी पंचाईत, कारण त्याचा अंश पत्र्यावर राहतो आणि पुढे त्या जागी कुठलंच चांगलं सीलंट नीट धरत नाही. मी मिनेसोटात राहतो आणि इथल्या मित्रांच्या बोटींच्या दुरुस्तीला नेहमी हात लावतो. आधीच्या मालकाने थरावर थर चढवलेली बोट समोर आली की निम्मा वेळ नुसतं खरवडण्यात जातो.

पाणी कुठून येतं ते शोधण्याआधी कधी येतं ते पाहा. बोट आतून स्पंजने कोरडी करा, पाण्यात सोडा आणि रिकामीच धक्क्याला बांधून ठेवा. अर्ध्या तासाने आत हात फिरवा. पाणी आलं असेल तर गळती खूप खाली आहे: आत साचलेलं पाणी काढायच्या भोकाच्या बुचापाशी, मागच्या खालच्या कोपऱ्यात किंवा मधल्या कण्याच्या जोडावर. कोरडी राहिली तर दोघं जण मागच्या बाकावर बसा. आता पाणी आलं तर ते भार पडल्यावरच बुडणाऱ्या जागेतून येतंय, म्हणजे ट्रान्समवरची, मोटर अडकवतात त्या मागच्या भिंतीवरची, बोल्टची भोकं किंवा फिशफाइंडरच्या, मासे शोधणाऱ्या यंत्राच्या, सेन्सरचे स्क्रू. जुन्या बोटींवर दोन-तीन सेन्सर लागून गेलेले असतात आणि काढलेल्याची भोकं तशीच सोडलेली सापडतात. आणि बसूनही कोरडी, पण वेगात लाटांवर आपटली की पाणी येतं, असं असेल तर पुढच्या भागातले रिव्हेट बघा. तिथला पत्रा प्रत्येक आपटीला किंचित वाकतो, रिव्हेटची फट उघडते आणि लगेच मिटते. अशी गळती अंगणात उभ्या बोटीवर दिसणारच नाही.

मासे जिवंत ठेवायची टाकी असेल तर तिचा पंप एकदा चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून हीच चाचणी करा. टाकीची नळी क्लॅम्पपाशी चिरलेली असली तर तळ्याचं पाणी पंपच बोटीत आणून ओततो, आणि लोक तळ तपासत बसतात.

बूच म्हटलं की लोकांना वाटतं, घट्ट बसवलंय, मग झालं. पण बूच ज्या नळीत बसतं तिची कडा ट्रान्समला जिथे टेकते, तिथलं जुनं सीलंट सुकून तडकलेलं असतं. बूच ठीक आणि भोवतीची कडा गळकी, हे फार वेळा दिसतं. इथे मिनेसोटात बोट रस्त्याने नेताना बूच काढून ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे, तुमच्या मिशिगनमध्येही २०१९पासून तोच नियम आहे. झेब्रा शिंपले आणि परक्या वनस्पती एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून. नियम अगदी योग्य आहे, तो पाळाच. पण त्यामुळे बुचाची इतकी काढ-घाल होते की रबर झिजतं आणि नळीही हलायला लागते.

आता मुख्य चाचणी. बोट ट्रेलरवर ठेवून आत नळाचं पाणी सोडा आणि बाहेरून बघा. मात्र पाणी बेताने भरा. १४ फुटी बोटीच्या तळात ३ इंच पाणी म्हणजे अंदाजे २५० किलो वजन होतं, आणि हा पत्रा बाहेरून आत येणारा दाब सोसायला बनवलेला असतो, आतून बाहेर ढकलणारा नाही. म्हणून ट्रेलरच्या फळ्यांचा आधार सलग आहे ना हे पाहून घ्या, तीन-चार इंचांवर जाऊ नका आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या बोटीखाली अजिबात शिरू नका. ट्रेलरची पुढची दांडी उचलली की पाणी मागे जातं, खाली केली की पुढे येतं. एवढ्या पाण्यात सगळा तळ तपासता येतो.

पाणी सोडण्याआधी तळ बाहेरून फडक्याने पूर्ण कोरडा करा आणि त्यावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर हलक्या हाताने लावा. मग थांबा. मोठी गळती मिनिटाभरात दिसते, बारीक गळतीला अर्धा-पाऊण तास लागतो. थेंब दिसला त्या जागी लगेच खूण करू नका. घराच्या स्लॅबची गळती जशी एका खोलीत मुरते आणि दुसऱ्या खोलीत टपकते, तसंच पाणी इथे जोडाच्या कडेने सरकत जाऊन सर्वांत खालच्या रिव्हेटवरून टपकतं. म्हणून थेंब पुसा, पावडर पुन्हा लावा आणि ओलाव्याची रेघ कुठून सुरू होते ते टॉर्च तिरका धरून बघा. रेघेचं वरचं टोक हीच तुमची जागा. खूण मेणाच्या खडूने करा, ओल्या पत्र्यावर पेन्सिल उमटत नाही. ट्रेलरच्या फळ्यांखाली झाकलेले रिव्हेट विसरू नका. पाणी काढून टाका, बोट थोडी सरकवा आणि तेवढ्या भागासाठी चाचणी पुन्हा करा.

एक खूण पाण्याशिवायही दिसते. सैल रिव्हेटच्या डोक्याभोवती काळपट वलय असतं आणि त्यातून मागच्या बाजूला एक करडी रेघ गेलेली असते. रिव्हेट आणि पत्रा एकमेकांवर घासून अ‍ॅल्युमिनियमची जी बारीक पूड होते, तीच ती. विमानांचे मेकॅनिकही सैल रिव्हेट याच खुणेवरून ओळखतात. त्यात नवल नाही, कारण हे तंत्र बोटींकडे विमानांकडूनच आलं. दुसरं महायुद्ध संपता संपता, १९४५मध्ये, लढाऊ विमानं बनवणाऱ्या ग्रमन कंपनीने त्याच पद्धतीने पत्र्याच्या कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्या, बनवायला घेतल्या. असं वलय दिसलेल्या रिव्हेटवर बाहेरून हाताचं बोट टेकवा आणि दुसऱ्याला आतून तिथेच अंगठ्याने दाबायला सांगा. सैल असेल तर हालचाल बोटाला जाणवते.

रिव्हेट सगळे ठीक निघाले तर पत्र्याला पडलेले बारीक खड्डे शोधा. आतून गालिचा किंवा फळी काढावी लागेल. ओला गालिचा, खाली पडलेली नाणी, शिशाची वजनं यांच्याखाली अ‍ॅल्युमिनियम आतल्या बाजूने खात जातं, आणि बाहेरून टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो. सर्वांत वाईट म्हणजे कोणीतरी आधी प्रेशर ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून रसायन मुरवलेल्या, प्लायवुडची फळी बसवलेली असणं. २००४पासून अमेरिकेत घरगुती वापराच्या अशा लाकडात तांब्याचं प्रमाण जास्त असलेली रसायनं आली आणि तांबं ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियमला खातं. अशी फळी दिसली तर गळती सापडो न सापडो, ती आधी काढून टाका.

दुरुस्ती तुलनेने सोपी आहे. सैल रिव्हेट काढायची गरज नसते. एकाने बाहेरून डोक्यावर जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्याने आतून रिव्हेटच्या शेपटीवर, म्हणजे दुसऱ्या टोकावर, हातोडीचे हलके, सरळ घाव घालायचे. बहुतेक रिव्हेट पुन्हा घट्ट बसतात. भोकच मोठं झालं असेल तर रिव्हेट ड्रिलने काढून एक माप मोठा अ‍ॅल्युमिनियमचा बंद टोकाचा पॉप रिव्हेट (हा एकाच बाजूने बसवता येतो) पॉलियुरेथेन मरीन सीलंटमध्ये बुडवून मारा. साधा पॉप रिव्हेट मधून पोकळ असतो, पाण्याखाली त्याचा उपयोग नाही. जोडाची लांब रेघच पाझरत असेल तर आतून पत्रा घासून, अ‍ॅसिटोनने पुसून, पातळ मरीन इपॉक्सी सोडा, ते स्वतःहून फटीत उतरतं. वेल्डिंगवाल्याकडे मात्र पटकन जाऊ नका. एका रिव्हेटवर दिलेल्या उष्णतेने शेजारचे रिव्हेट सैल होतात आणि जोडातलं जुनं सीलंट जळून जातं. सीलंट लावलं की डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण वाळू द्या, काही प्रकारांना आठवडा लागतो.

तुम्ही लिहिलंय की बोट पाण्यात थोडी जड वाटते. बाकाखालचा फोम दाबून पाहा, पाणी सुटतं का. तो भिजला असेल तर बदला, पण काढून रिकामी जागा तशी सोडू नका. पाणी भरलं तरी बोट बुडू नये म्हणून तो घातलेला असतो आणि २० फुटांखालच्या बहुतेक नव्या मोटरबोटींना अशी सोय देणं अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत सक्तीचं आहे. नवा फोम पाणी न पिणारा, बंद पेशींचाच घ्या. हे सगळं थंडीच्या आत उरका, कारण फटीत राहिलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि आज एका रिव्हेटला असलेली गळती वसंतात शेजारच्या दोघांना लागलेली असते.