कॅनडाच्या नाण्यांचा टाइप सेट जमवायचा आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की टोरांटोला येऊन वर्ष झालं, खिशातली मोड न्याहाळता न्याहाळता नाण्यांची गोडी लागली आणि ऑफिसातल्या कुणीतरी ‘टाइप सेट कर’ म्हणून सुचवलं. यादी उघडली तर थेट १८५८ पासूनची नाणी, त्यातल्या काहींच्या किमती गाडीएवढ्या. मग व्हिक्टोरिया राणीपासून पुढे यावं, की आजच्या नाण्यांपासून मागे जावं?

दोन्ही नको. मधूनच शिरा. सहाव्या जॉर्जचा काळ घ्या, १९३७ ते १९५२, आणि त्यातलंही आधी फक्त पाच सेंटचं नाणं. मी हॅमिल्टनला राहते, बारा वर्षं हे वेड आहे, आणि मी नेमकी उलट्या टोकाने, म्हणजे राणीपासून सुरुवात केली होती. ती फजिती पुढे सांगते.

टाइप सेट म्हणजे प्रत्येक तऱ्हेचं एक नाणं. प्रत्येक वर्षाचं नाही. हे ऐकायला सोपं, पण ‘तऱ्हा’ कशाला म्हणायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, आणि ते पहिल्याच आठवड्यात ठरवलं नाही तर पैसे भलतीकडे जातात. माझा नियम असा: राजा, चित्र, आकार, अक्षरं किंवा धातू, यातलं काही बदललं तर नवी तऱ्हा. सात आकड्याचं टोक बोथट की अणकुचीदार हे भिंगातून बघावं लागत असेल, तर ती तऱ्हा नव्हे. (१९४७ च्या डॉलरवर हा सातचा वाद खरोखरच आहे आणि लोक त्यापायी चांगले पैसे मोजतात. मोजोत बापडे.) माझा नियमही एका ठिकाणी फसतो. १९६७ ची दहा आणि पंचवीस सेंटची नाणी आधी ८० टक्के चांदीची होती, मग त्याच वर्षी ५० टक्क्यांची झाली, आणि दोन्ही दिसायला सारखीच. तिथे मी एकेक घेतलं आणि गप्प बसले.

या नियमाचा फायदा बघा. १९२१ चं चांदीचं चिमुकलं पाच सेंट हे इथल्या सगळ्यात दुर्मीळ नाण्यांपैकी एक. टांकसाळीने पंचवीस लाखांहून जास्त पाडली होती, पण निकेलचं मोठं नाणं आणायचं ठरल्यावर जवळजवळ सगळी वितळवली. वर्षावार जमवणाऱ्याची झोप अल्बममधल्या त्या एका रिकाम्या खिडकीने उडते. तुम्हाला मात्र तेच चित्र, तोच राजा, तीच ८० टक्के चांदी १९२० च्या नाण्यात मिळते, आणि ते कुठल्याही डीलरकडे असतं. टाइप सेटवाल्याने कायम त्या तऱ्हेतलं सगळ्यात सामान्य वर्ष घ्यावं आणि वाचलेला पैसा नाण्याच्या अवस्थेवर घालवावा.

आता पाच सेंटच का? १९३७ साली कॅनडाने रोजच्या नाण्यांची चित्रं एकदम बदलली. एक सेंटवर मेपलची पानं, पाचवर बीव्हर (ओढ्यांवर बांध घालणारा प्राणी), दहावर शिडाचं जहाज, पंचवीसवर कॅरिबू (हरणाची एक जात). सेंट सोडला तर आजही तुमच्या खिशात तीच चित्रं आहेत. पण बीव्हरच्या नशिबी स्थैर्य नव्हतं. पहिलं नाणं गोल, शुद्ध निकेलचं. मग महायुद्ध आलं, निकेल शस्त्रांसाठी हवं झालं, आणि १९४२ मध्येच टॉम्बॅकचं नाणं निघालं. टॉम्बॅक म्हणजे ८८ टक्के तांबं आणि १२ टक्के जस्त, पितळेचाच भाऊबंद. वापरून काळवंडलं की ते एक सेंटसारखं दिसणार, म्हणून त्याला बारा बाजू दिल्या, बोटांना तरी फरक कळावा.

१९४३ मध्ये बीव्हरही गेला. त्याच्या जागी विजयाचा इंग्रजी व्ही आणि मशाल. टांकसाळीचा मुख्य खोदकाम करणारा थॉमस शिंगल्स याने त्याचा मूळ ठसा हाताने कोरला. कडेजवळ एरवी नुसते दाते असतात. तिथे त्याने मोर्सच्या, म्हणजे तारेच्या लिपीतल्या, टिंबं-रेघांत एक वाक्य घातलं, ज्याचा अर्थ ‘मनापासून राबतो तेव्हा आपण जिंकतो’. ज्याला मोर्स येतं त्याला आजही वाचता येतं. माझं सगळ्यात लाडकं नाणं हेच, आणि ते एका कॉफीच्या पैशात मिळतं.

पुढे टॉम्बॅकमधलं तांबंही मिळणं अवघड झालं, तेव्हा १९४४ आणि ४५ ची नाणी पोलादाची निघाली, वर निकेल आणि क्रोमियमचा मुलामा. मुलामा पत्र्यावर आधी द्यायचे आणि चकत्या नंतर कापायचे, त्यामुळे कड उघडी राहायची. घेताना कड बघून घ्या, बहुतेकांना तिथेच गंज धरतो. आपल्याकडे याच लढाईत तांबं वाचवायला भोकाचा पैसा निघाला होता. आमच्या आजीच्या सुपारीच्या डब्यात दोन होते, तिने त्यांत दोरा ओवून ठेवला होता. ओटावा आणि मुंबईच्या टांकसाळींपुढची अडचण एकच, एकाने बाजू वाढवल्या, एकाने मधला भाग काढून टाकला.

१९४६ ला निकेल आणि बीव्हर परत आले, बारा बाजू मात्र थेट १९६२ पर्यंत टिकल्या. १९४८ ला राजाच्या बाजूची अक्षरं बदलली. १९५१ ला निकेलच्या शोधाला दोनशे वर्षं झाली म्हणून शुद्धीकरण कारखान्याचं चित्र असलेलं खास नाणं निघालं, आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी कोरियाच्या युद्धामुळे निकेल पुन्हा महाग पडलं आणि बीव्हर पोलादावर आला. मोजा: एकाच राजाच्या पाच सेंटच्या आठ तऱ्हा. आठही मिळून तुमचा बाहेरचा एका जेवणाचा खर्च होईल, फार तर दोन.

त्या १९४८ च्या अक्षरांपाशी मात्र जरा थांबा, कारण ती आपल्यामुळे बदलली. १९११ पासून कॅनडाच्या नाण्यांवर राजाच्या डोक्याभोवती लॅटिनमध्ये ‘एट इंड इंप’ असं लिहिलेलं असे, म्हणजे ‘आणि हिंदुस्थानचा सम्राट’. ऑगस्ट १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला आणि ते शब्द काढणं भाग पडलं. नवे ठसे लंडनहून यायचे होते आणि त्यांना उशीर झाला. इकडे मोडीची मागणी तर थांबेना. तेव्हा ओटावाच्या टांकसाळीने १९४८ मध्येही १९४७ चीच नाणी पाडली, फक्त सालाशेजारी मेपलचं एक बारीकसं पान टाकलं, ओळखायला. नवे ठसे आल्यावर १९४८ सालाची नाणी निघाली, पण कमी. त्या वर्षाचे डॉलर तर फक्त १८,७८०. डॉलर परवडणार नाही. एक सेंटचं पानवालं नाणं मात्र कोट्यवधींनी निघालं, डीलरच्या चिल्लर डब्यात सापडतं. ते आणि १९४८ नंतरचं एखादं नाणं शेजारी ठेवा. एकावर हिंदुस्थान आहे, दुसऱ्यावर नाही. घरी कुणी पाहुणे आले की मी अल्बमचं हेच पान आधी उघडते. ज्यांना नाण्यांत काडीचा रस नसतो तेही वाकून बघतात.

हीच युक्ती त्यांनी आधीही केली होती. आठव्या एडवर्डने डिसेंबर १९३६ मध्ये गादी सोडली, नव्या राजाचे ठसे तयार नव्हते, तेव्हा १९३७ च्या सुरुवातीला १९३६ च्याच नाण्यांवर सालाखाली टिंब टाकून काम भागवलं. त्यातले एक सेंट तीनच माहीत आहेत, तेव्हा कुणी दाखवलाच तर हसून नमस्कार करा. आणि तुमच्या खिशातल्या डॉलरवरचा लून पक्षी? तोही अडचणीतूनच आला. एक डॉलरच्या नव्या नाण्यावर जुनंच होडीवाल्यांचं चित्र यायचं होतं, पण १९८६ मध्ये ओटावाहून विनिपेगला जाताना मूळ ठसे वाटेत हरवले. खोट्या नाण्यांची भीती नको म्हणून चित्रच बदललं, आणि १९८७ ला लूनी निघाली.

आता माझी फजिती. पहिलंच मोठं पाऊल म्हणून मी १८५९ चा व्हिक्टोरियाचा मोठा सेंट घेतला. छान चॉकलेटी रंग होता. मला वाटलं, मळलाय. तांब्याचा तांब्या घासतो तसा चिंच-मिठाने घासला. लख्ख गुलाबी झाला. महिन्याभराने डीलरला कौतुकाने दाखवला तर त्याने भिंगही काढलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. दीडशे वर्षांचा रंग होता तो, दोन मिनिटांत गेला, आणि नाण्याची किंमतही. तेव्हा चिंच, लिंबू, टूथपेस्ट, काही म्हणजे काही लावायचं नाही. नाणं कडेने धरायचं, मायलरची (पातळ पारदर्शक प्लास्टिकची) खिडकी असलेल्या पुठ्ठ्यात ठेवायचं. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवलंत तर काही वर्षांत हिरवट चिकटा येतो.

सोबत एक छोटं चुंबक बाळगा. शुद्ध निकेल चिकटतं, चांदी आणि टॉम्बॅक चिकटत नाहीत. १९६८ चं पंचवीस सेंट चांदीचं की निकेलचं हे असंच कळतं. चांदीच्या नाण्यांचा भाव मात्र चांदीबरोबर वरखाली होतो. १९२० ते १९६६ च्या पंचवीस सेंटमध्ये साधारण ४.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते, तेवढी त्या दिवसाची किंमत गुणून मगच घासाघीस करा. बँकेतून मोडीच्या गुंडाळ्या आणून शोधायची मजा आता फारशी उरलेली नाही, कारण टांकसाळ जुनी निकेलची नाणी परत गोळा करते. एलिझाबेथ राणीची आणि चार्ल्स राजाची आजची नाणी तेवढी तिथून फुकटात, म्हणजे दर्शनी किमतीत, भरून घ्या.

व्हिक्टोरियाकडे वळाल तेव्हा १८५९ चाच सेंट घ्या, चिंच न लावता. १८५८ आणि ५९ मिळून एक कोटी पाडले होते. इतके, की सरकारला ते खपवता खपवता वर्षं गेली आणि पुढचे सेंट थेट १८७६ ला निघाले. व्यास बरोबर एक इंच, शंभर नाण्यांचं वजन एक पौंड. १८५८ चं वीस सेंट ही एकाच वर्षाची तऱ्हा. अमेरिकन पंचवीस सेंटशी गोंधळ व्हायचा म्हणून ते पुन्हा निघालं नाही. ते स्वस्त नाही, घाई करू नका. १९११ ची पाचव्या जॉर्जची नाणीसुद्धा अशीच एका वर्षाची. त्यांवर ‘देवाच्या कृपेने’ हे शब्द राहून गेले, ओरड झाली, १९१२ ला परत आले. त्यातला सेंट सहज मिळतो. पन्नास सेंटची खिडकी माझ्याकडे अजून रिकामी आहे. न्यूफाउंडलंडची (तेव्हा ती वेगळी वसाहत होती) आणि सोन्याची नाणी हा वेगळाच संसार, त्यात आत्ता शिरू नका.

या शनिवारी एखाद्या डीलरकडे जाऊन त्याचा चिल्लर डबा मागा. १९४३ चं पाच सेंट काढा, कड नीट दिसेल असं. खिडकीपाशी जाऊन कडेची टिंबं-रेघा वाचता येतात का बघा, येत असतील तरच घ्या. झिजलेली पुष्कळ मिळतील.