‘अध्यक्ष’ म्हणजे नेमका कोण? (१ तीमथ्य ३)

प्रश्न असा आला आहे: मंडळीच्या (चर्चच्या) सेवेसाठी शास्त्राभ्यास करणाऱ्या वर्गात बायबलच्या नव्या करारातले पौलाचे तीमथ्याला पहिले पत्र चालू आहे. तिसऱ्या अध्यायात ‘अध्यक्ष’ कसा असावा ते सांगितले आहे. हा अध्यक्ष म्हणजे बिशप, पाळकसाहेब की कमिटीचा चेअरमन?

चेअरमन नक्कीच नाही. सभा, संमेलने आणि पक्ष यांच्यामुळे हा शब्द आज खुर्चीला चिकटला आहे. त्याचा जुना अर्थ मात्र देखरेख करणारा, लक्ष ठेवणारा असा आहे. ऋग्वेदाच्या नासदीय सूक्तात सृष्टीवर परम आकाशातून नजर ठेवणारा तो ‘अध्यक्ष’. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर नौकांवर नावध्यक्ष, सुतावर सूत्राध्यक्ष असे खात्याखात्याचे अधिकारी भेटतात. मूळ ग्रीक शब्द ‘एपिस्कोपोस’ हाही तसाच बनला आहे: एपि म्हणजे वर, स्कोपोस म्हणजे पाहणारा. मराठी भाषांतरकारांची ही निवड मला फार नेमकी वाटते. बदलला आहे तो आपल्या कानांवरचा अर्थ.

आता बिशप की पाळक? ‘बिशप’ हा शब्द ‘एपिस्कोपोस’वरूनच आला आहे, म्हणून तो अर्थ पटकन सुचतो. पण इथे घाई करू नये. नव्या करारातलेच ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय २० उघडा. सतराव्या वचनात पौल मिलेताहून निरोप पाठवून इफिसच्या मंडळीच्या ‘वडिलांना’, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलावतो. ग्रीक शब्द प्रेस्बिटेरोस. अठ्ठाविसाव्या वचनात त्याच माणसांना तो सांगतो की पवित्र आत्म्याने तुम्हांला कळपात ‘अध्यक्ष’ करून ठेवले आहे, तुम्ही मंडळीचे पालन करा. हे ‘पालन’ म्हणजे मेंढपाळाचे काम, आणि आपला ‘पाळक’ त्याच कुळातला. माणसे तीच, त्यांना वडीलही म्हटले, अध्यक्षही म्हटले आणि काम दिले ते पाळकाचे. तीताच्या पत्रातही (१:५-७) बोलणे वडिलांवरून सरळ अध्यक्षावर जाते. फिलिप्पैच्या पत्राच्या पहिल्याच वचनात तर एका गावात अनेक अध्यक्ष दिसतात.

एका नगरीला एक बिशप आणि त्याच्या हाताखाली वडीलमंडळ व डीकन (सेवक), ही रचना दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस याच्या पत्रांत ठळकपणे दिसते. पुढे कॅथलिक परंपरेने ती जपली. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियातही बिशप आहेत. बाप्टिस्ट मंडळ्यांनी वेगळी वाट धरली. हा सारा इतिहास अभ्यासावा, पण तो तीमथ्याच्या पत्रातल्या शब्दात मागून भरू नये.

पत्रात खरा भर आहे तो माणसाच्या वागणुकीवर: पाहुण्यांचे आगतस्वागत करणारा, पैशाचा लोभ नसलेला, स्वतःचे घर नीट सांभाळणारा. ‘शिकवण्यात निपुण’ ही अट अध्यक्षाला आहे, पुढे येणाऱ्या ‘सेवकां’च्या यादीत ती नाही. दोन कामांतला फरक शोधायचा तर तो इथे सापडतो, पदाच्या नावात नव्हे.

जाता जाता ‘सेवक’ या शब्दाबद्दल. रोमकरांस पत्रात (१६:१) किंख्रियाच्या फिबीला आपण ‘सेविका’ वाचतो. ग्रीकमध्ये तिथे दियाकोनोस हाच शब्द आहे, तीमथ्याच्या पत्रात सेवकांसाठी आलेला. मराठीला लिंग बदलावे लागते, म्हणून हे वाचताना लक्षात येत नाही. वर्गात हा मुद्दा जरूर मांडा.