ओतीव नव्हे, ठोकीव : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात नायजेरियातल्या ओशोग्बो गावचे योरुबा कलाकार असिरू ओलातुंडे यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या उठावचित्राचा फोटो छापला होता. मधोमध झाड, फांद्यांवर पाखरं, बुंध्याशी जनावरं आणि माणसं. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

लातूर : हे बेनिनच्या प्रसिद्ध पितळी फलकांपैकीच का? तसं असेल तर इतकं नवं कसं दिसतं?

नाही, हे काम वेगळं आहे. आपल्याकडे ओतारी आणि तांबट यांच्यात जो फरक, तोच इथे आहे. बेनिन म्हणजे आजच्या नायजेरियातलंच एक जुनं राज्य. तिथले फलक ओतीव. मेणाचा नमुना करायचा, त्यावर मातीचा लेप द्यायचा, मेण वितळवून काढायचं आणि उरलेल्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. शिवाय ते एदो लोकांचं काम, योरुबांचं नव्हे. योरुबांच्या इफे नगरीतली जुनी धातूची मस्तकंही ओतीवच आहेत. ओलातुंडे (१९१८–१९९३) यांचं काम मात्र ठोकीव, आणि तेही विसाव्या शतकातलं. घराणं लोहाराचं. प्रकृतीमुळे भट्टीवरचं अवजड काम सुटलं, तेव्हा ते तांब्याचे छोटे दागिने करू लागले. ओशोग्बोतल्या कलाकारांना पाठबळ देणारे जर्मन अभ्यासक उली बायर आणि ऑस्ट्रियन चित्रकार सुझान वेंगर यांच्या प्रोत्साहनाने दागिन्यांचे मोठे फलक झाले, आधी तांब्याचे, पुढे अ‍ॅल्युमिनियमचे. १९६० च्या दशकात ओशोग्बोतल्या कार्यशाळांतून ट्विन्स सेव्हन-सेव्हन, जिमोह बुराईमोह अशी कलाकार मंडळी पुढे आली. ओलातुंडेंना सरसकट त्यांच्याच रांगेत बसवतात, ते आम्हाला पटत नाही. त्यांच्या हातात हातोडी आधीपासून होती.

परभणी : मी चित्रकला शिक्षिका आहे. आठवी-नववीच्या मुलांकडून असं काम करून घ्यायचं आहे. काय काय लागेल?

पत्रा अर्धा मिलिमीटर जाडीचा, मऊ अ‍ॅल्युमिनियमचा घ्या. दुकानात कोपरा हाताने वाकवून पाहा. सहज वाकला आणि वाकलेलाच राहिला तर चालेल, उसळून परत आला तर तो कडक पत्रा आहे, घेऊ नका. माप ३० बाय ४५ सेंटिमीटर पुरे. अडीचशे ग्रॅमची हातोडी आणि तीन इंची पोलादी खिळे घ्या. खिळ्याचं टोक कानशीने बोथट करून पॉलिश पेपरवर गुळगुळीत करा. टोकदार खिळा पत्र्याला भोक पाडतो, बोथट खिळा खळगा पाडतो, आणि आपल्याला खळगाच हवा. एक खिळा गोल टोकाचा, एक छिन्नीसारखा चपटा करा. अर्ध्या कापलेल्या बारीक नळीने चंद्रकोर उमटते. पाखराच्या पिसांना ती फार शोभते.

पत्र्याखाली जाड रबर किंवा मऊ लाकडाची फळी ठेवा. खोल उठाव काढायचा असेल तरच राळेवर, म्हणजे राळ, तेल आणि विटेची भुकटी यांच्या मिश्रणाच्या थरावर, काम करा. ही शैली उथळ उठावाची आहे, त्यामुळे रबरावर भागतं.

या शैलीत उठाव मागून काढत नाहीत. चित्र पत्र्याच्या पुढच्या बाजूला रेखायचं आणि आकृती तशीच सोडून भोवतालची जमीन, म्हणजे चित्राची पार्श्वभूमी, पुढूनच ठोकून खाली दाबायची. जमीन खाली गेली की झाड आपोआप वर येतं. आकृतीच्या आत डोळा, पंख, खवले एवढ्यापुरतेच ठिपके द्या. मुलं हमखास आकृतीच ठिपक्यांनी भरून टाकतात, मग जमीन आणि आकृती एकसारखी दिसते आणि चित्र हरवतं.

वेळेचा हिशेब आधीच करा. ठिपके तीन-तीन मिलिमीटरवर दिले तर एका चौरस सेंटिमीटरात साधारण अकरा बसतात. वरच्या मापाच्या पत्र्यात निम्मी जमीन धरली तरी साडेसात हजार ठोके झाले. दोन मुलांत एक फलक द्या आणि कानात कापूस घालायला सांगा. विषय मात्र बाभळीचा, टिटवीचा, पोळ्याच्या बैलाचा द्या. ओशोग्बोचं झाड ओशोग्बोतच शोभतं.

जालना : फोटो पाहून असा फलक करून पाहिला, पण तो मधून ताटासारखा फुगला आणि कडा लाटांसारख्या झाल्या. चूक कुठे झाली?

प्रत्येक ठोका पत्र्याला तिथल्या तिथे थोडा ताणतो. हजारो ठोक्यांनी जमिनीचा पत्रा पसरतो, पण न ठोकलेला भाग पसरत नाही. पसरलेल्या धातूला जागा मिळत नाही आणि तो वर किंवा खाली फुगतो. बहुतेक वेळा दोन चुका असतात. पहिली म्हणजे पत्रा चारही बाजूंनी फळीला ठोकून टाकणं. मग त्याला सरकायला वावच उरत नाही. वरच्या दोन कोपऱ्यांतच खिळे मारा, खालची बाजू मोकळी ठेवा. दुसरी म्हणजे एका कोपऱ्यातून सुरू करून तिथेच दाट ठोकत राहणं. मध्यापासून बाहेर जा. आधी सगळीकडे विरळ ठिपके, मग दुसऱ्या फेरीत मधल्या जागा भरा.

दर तासाला पत्रा काढून उलटा करा, सपाट फळीवर ठेवा आणि लाकडी हातोडीने हलके थोपटा. लोखंडी हातोडी नको, तिने उठाव चेपतो. चहूबाजूंनी दोन सेंटिमीटर पट्टी कोरी ठेवा आणि काम संपल्यावर ती मागे दुमडा. दुमडलेली कड पत्र्याला ताठ धरते. तुमचा फलक अजून वाचेल, पण फुगवट्यावर वरून ठोकू नका. त्याने धातू आणखी पसरतो.

नांदेड : ठोकता ठोकता पत्र्याला चीर गेली. माल खराब होता का?

बहुधा नाही. ठोकून ठोकून धातू कडक होतो, तेव्हा त्याला ताव देऊन मऊ करावं लागतं. तांबं अंधारात मंद लाल दिसेपर्यंत तापवून पाण्यात विझवा. अ‍ॅल्युमिनियमला ही खूण वापरू नका. ते ६६० अंशांना वितळतं, आणि त्याआधी लाल होऊन इशारा देत नाही. त्यावर अंगाचा साबण कोरडाच घासा आणि खालून ज्योत सतत फिरवत राहा. साबण गडद तपकिरी झाला की थांबा. एकाच जागी ज्योत धरली तर तिथे भोक पडलंच म्हणून समजा. राळेवर काम करत असाल तर ताव देण्याआधी पत्र्याला चिकटलेली राळ पूर्ण काढा, ती पेट घेते. आणि आपल्याकडच्या वैशाखात राळ पातळ होऊन पत्रा सरकतो, म्हणून त्या दिवसांत मिश्रणात तेल कमी आणि विटेची भुकटी जास्त घाला.

बीड : धान्याची कोठी केल्यावर उरलेला पत्रा चालेल का?

नाही. तो जस्त चढवलेला लोखंडी पत्रा असतो. खळग्यांत जस्ताची पापडी सुटते आणि तिथे गंज धरतो. ताव द्यायला गेलात तर जस्ताचा धूर निघतो, तो विषारी असतो.

तुळजापूर : आमच्याकडे देवाचे टाक करतात. तीच कला ना ही?

नात्यातली आहे, पण चुलत. टाकाचा चांदीचा पत्रा ठशावर ठोकतात, देवीचा आकार ठशातून येतो, म्हणून एकाच ठशाचे टाक सारखे दिसतात. ओशोग्बोच्या फलकाला ठसा नसतो. विकत घेताना हेच पाहा. मागची बाजू उलटून बघा. प्रत्येक ठिपक्याची खोली थोडी वेगळी असेल तर काम हातचं. सगळे ठिपके एका मापाचे आणि पत्रा कागदासारखा पातळ असेल तर तो यंत्राने दाबलेला.

छत्रपती संभाजीनगर : घरी असा फलक आहे. चिंचेने घासला तर चालेल?

अ‍ॅल्युमिनियमला चिंच, लिंबू, राख, सोडा यांतलं काहीच लावू नका. राख आणि सोड्याने तर ते काळं पडतं आणि खातही जातं. मऊ ब्रशने धूळ झाडा, कोरड्या मलमलीने पुसा. खळग्यांतला काळा रंग बहुतेक वेळा मुद्दाम भरलेला असतो. काळा रंग चोळायचा आणि वरचा पुसून घ्यायचा, म्हणजे ठिपके उठून दिसतात. तो मळ समजून खरवडू नका. आणि फलक फळीवर बसवायला तांब्या-पितळेचे खिळे वापरले असतील तर पावसाळ्यापूर्वी काढून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावा. दोन धातूंमध्ये ओल शिरली की खिळ्याभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडू लागतं.