टायरच्या कडेवर सगळं लिहिलेलं असतं

प्रश्न : माझी २०१८ ची स्विफ्ट आहे. ४४ हजार किलोमीटर झाले. टायर १६५/८० आर १४. नक्षी अजून बरीच दिसते, पण कडेला बारीक चिरा पडल्या आहेत. दुकानदार म्हणतो, टायर बदला, आणि बदलायचेच तर १८५/६५ टाका, गाडी रस्ता चांगला धरेल. काय करावं? – एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : टायर बदला, पण १८५/६५ टाकू नका.

टायर घिसून जातो तसा वाळूनही जातो. आपल्याकडे गाडी अंगणात नाहीतर धुऱ्यावर उन्हात उभी असते. ती फिरली नाही तरी रबर कडक होतं आणि तडकतं. सहा वर्षं झाली की टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांपुढे नक्षी कितीही असली तरी ठेवू नयेत. तुमच्या टायरला चिरा दिसू लागल्या आहेत, त्यामुळे आणखी एक उन्हाळा त्यांच्यावर काढू नका. स्टेपनीही त्याच वयाची असेल, तिच्याकडे बघायचं सहसा राहून जातं.

आता आकार. १६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे कडेची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, १३२ मिमी. १४ हा डिस्कचा व्यास, इंचात. डिस्क आणि दोन्ही बाजूंच्या कडा मिळून तुमच्या टायरची उंची सुमारे ६२० मिमी होते. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ येतो हे खरं, पण तो १५ इंची डिस्कवर, आणि तिथे उंची ६२१ मिमी भरते, म्हणजे जवळपास तेवढीच. तोच १८५/६५ तुमच्या १४ इंची डिस्कवर चढवला तर उंची ५९६ वर येते. गाडी १२ मिमी खाली बसते. डांबरी रस्त्यावर हे जाणवणार नाही, पण पांदणीत चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला गाडीचं पोट घासायला एवढा फरक पुरतो. शिवाय स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवेल, किलोमीटरही जास्त मोजले जातील. तुमच्या रस्त्यांना १६५/८० ची उंच कडाच योग्य आहे. खड्ड्याचा दणका ती कडा खाते, डिस्क वाचते.

आकाराच्या पुढे ८५ टी असं लिहिलेलं असतं. ८५ म्हणजे एका टायरची वजन पेलण्याची क्षमता ५१५ किलो, टी म्हणजे कमाल वेग ताशी १९० किमी. याहून कमी आकड्याचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. डिकीत डीएपीच्या दोन थैल्या टाकल्या की १०० किलो मागच्या चाकांवर येतात, आणि मागे माणसंही बसलेली असतातच.

शेवटी तारीख. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ०९२५ म्हणजे २०२५ सालचा नववा आठवडा, फेब्रुवारीची अखेर. हे चार आकडे बहुतेक वेळा एकाच बाजूला असतात आणि बसवताना ती बाजू आत गेली तर नंतर दिसत नाहीत. म्हणून टायर डिस्कवर चढण्याआधी चारही टायर फिरवून तारीख वाचा. सहा-आठ महिन्यांचा माल ठीक. दोन वर्षांहून जुना असेल तर दुसरा मागा. आयएसआयचा शिक्काही बघा, कारच्या टायरवर तो आयएस १५६३३ या क्रमांकासह असतो.

प्रश्न : उन्हाळ्यात हवा फुगते म्हणून आमच्याकडे सगळे तीन-चार पॉइंट हवा कमी ठेवतात. समृद्धीवर टायर फुटतात ते हवा जास्त असल्यामुळेच ना? – एक वाचक, कारंजा (लाड), जि. वाशीम

उत्तर : नाही, आणि ही समजूत जिवावर बेतणारी आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जमिनीपाशी दबतो आणि पुन्हा ताठ होतो. ८० च्या वेगात हे सेकंदाला अकरा-बारा वेळा होतं. या दबण्यातून कडेत उष्णता साठते, आतल्या धाग्यांची रबरावरची पकड सुटते आणि टायर फुटतो. गावच्या रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या वेगात, दहा-पंधरा किलोमीटरच्या फेरीत टायर थंड व्हायला वेळ मिळतो, म्हणून कमी हवा खपून जाते. समृद्धीवर तोच टायर तापलेल्या सिमेंटवर तास-दोन तास न थांबता पळतो आणि तिथे दगा देतो.

हवा मे महिन्यातही स्टिकरवर लिहिली असेल तेवढीच ठेवा. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर ते स्टिकर दिसतं. गाडी भरलेली असेल तर त्यातला भरलेल्या गाडीचा आकडा घ्या. टायरच्या कडेवर कोरलेला दाब ही कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची नसते. हवा सकाळी, गाडी उभी असतानाच मोजा. सकाळी ३३ असेल तर दुपारी चालून आल्यावर ३७-३८ दिसेल. ते धरूनच टायर बनवलेला असतो, म्हणून गरम टायरची हवा सोडू नका. गावातला पंप लांब असेल तर घरी एक गेज ठेवा. नायट्रोजन भरला नाही तरी चालतं. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

प्रश्न : वावरात गाडी नेली तेव्हा पऱ्हाटीचा खुंट टायरच्या कडेत घुसला. पंक्चरवाला म्हणतो, ट्यूब टाकून देतो, वर्षभर चालेल. टायर नवा आहे, टाकू का? – एक वाचक, दर्यापूर (जि. अमरावती)

उत्तर : नवा टायर फेकताना जीव तुटतो, पण ट्यूब टाकू नका. रस्त्याला टेकणाऱ्या भागात पोलादी पट्टे असतात. तिथलं खिळ्या-काट्याचं भोक ६ मिमीपर्यंत असेल तर दुरुस्त होतं. कडेत फक्त धाग्याचे थर असतात आणि तोच भाग सतत वाकतो. तिथे ठिगळ टिकत नाही. ट्यूबलेस टायरच्या आत ट्यूब घासत राहते, तापते, आणि खुंटाने तोडलेले धागे जिथे आहेत तिथूनच बाहेर फुगते. ट्यूब फाटली की हवा एका क्षणात जाते. कडेला अंड्याएवढा फुगा आला असेल तेव्हाही हेच समजा. आतले धागे तुटलेत, टायर गेला.

पऱ्हाटी किंवा तुरीची कापणी झालेल्या वावरात गाडी घालूच नका. तिरपे कापलेले, वाळलेले खुंट खिळ्यासारखे टोकदार असतात.

प्रश्न : पैसे दोनच टायरचे आहेत. पुढे टाकू की मागे? – एक वाचक, आरमोरी (जि. गडचिरोली)

उत्तर : मागे. इंजिनाची ओढ पुढच्या चाकांवर असते म्हणून दुकानात नवे टायर पुढे लावायची रीत आहे. पण पावसात पुढची चाकं घसरली तर स्टिअरिंगला ते कळतं, पाय काढून गाडी सावरता येते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरने बांधीतला चिखल डांबरावर आणलेला असतो, तिथे वळणावर हे नेमकं होतं. जुन्यातले बरे दोन पुढे घ्या, मात्र त्यांची नक्षी १.६ मिमीच्या वर हवी. खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा असतो. नक्षी घिसून त्याच्या पातळीला आली की टायर कायद्यानेही बाद.

जुना टायर एकाच बाजूने घिसला असेल तर अलाइनमेंट बिघडलेली आहे. दोन्ही कडांनी घिसला असेल तर हवा कमी होती, मधूनच घिसला असेल तर जास्त. आधी हे दुरुस्त करा, नाहीतर नवे टायरही तसेच जातील. टायरबरोबर रबरी व्हॉल नवे घ्या, खर्च किरकोळ असतो. डिस्कचा गंज ब्रशने काढून घ्या, गंजातून हवा हळूहळू निघत राहते. बॅलन्सिंग करा. नट समोरासमोरचे कसून घ्या आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.

बिल पक्कं घ्या. टायरचा क्रमांक त्यावर लिहून घेतला नाही तर पुढे वॉरंटीचा दावा करणं अवघड जातं. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, बिलात तोच दर लागलाय का ते बघा.