आधी तिला घर मोजायला सांगा

“ताई, मुलीनं दोन वर्षं कॉम्प्युटर सायन्स केलं आणि आता म्हणते इंटिरिअर डिझाइन करायचंय. पडदे आणि उशा निवडायला का आम्ही देश सोडला?” तुमचं पत्र वाचून पोटात कालवलं. दोन बॅगा घेऊन परक्या देशात उतरलेल्या माणसाला मुलांची नोकरी पक्की हवी असते. मलाही हवी होती. पण ‘पडदे आणि उशा’ म्हणालात, त्याबद्दल मात्र रागावणार आहे.

माझ्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा त्या आमच्याकडे होत्या. व्हीलचेअरची चाकं त्या स्वतः फिरवायच्या, पण बाथरूमच्या दारात बोटं चौकटीला घासून सालं निघायची. मग कुणीतरी मागून ढकलायचं. दार ३० इंचांचं, पण उघडलं तरी त्याची जाडी चौकटीतच राहायची आणि जायला उरायचे जेमतेम २८ इंच. यांनी चौकट फोडायचं ठरवलं होतं. नणंदेची मुलगी तेव्हा डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती. टेप घेऊन ती गुडघ्यांवर बसली. खुर्ची मोजली, मग आजीला चाकं धरायला लावून एका कोपरापासून दुसऱ्या कोपरापर्यंतचं अंतर मोजलं. म्हणाली, “मामी, भिंत राहू दे. बिजागऱ्या बदलू.” नव्या बिजागऱ्यांमुळे उघडलेलं दार चौकटीच्या पूर्ण बाहेर जायला लागलं आणि जवळजवळ २ इंच मिळाले. त्या संध्याकाळी सासूबाई एकट्या आत गेल्या आणि आतून कडी लावली. ती कडी मला अजून ऐकू येते.

हे आहे इंटिरिअर डिझाइन. अमेरिकेत सार्वजनिक इमारतींच्या नियमांत दाराची मोकळी रुंदी किमान ३२ इंच आणि व्हीलचेअर वळायला ६० इंच व्यासाची जागा सांगितली आहे, ती उगीच नाही. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या आर्किटेक्ट बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी सुमारे १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं, तेव्हा बाईची पावलं कशी वाचतील याचा हिशेब आधी मांडला. रंगाचा विचार त्यातही होता, पण मोजमापाच्या जोडीनं.

तुम्ही लिहिलंय, “तिला लहानपणापासून खोली सजवायला आवडतं.” अहो, ते पुरेसं नाही, हे मी तिलाही सांगेन. तिच्या हातात टेप द्या. राहतं घर १:५० प्रमाणात कागदावर काढायला सांगा: प्रत्येक दार कुठे आणि किती उघडतं, दिव्याचं बटण अंधारात हाताला लागतं का, भांडी काढताना तुम्ही किती वेळा वाकता. तुमच्या मागे आठवडाभर वही घेऊन फिरू दे. कंटाळली तर तिचं तिलाच कळेल. आणि तिसऱ्या दिवशी ‘आई, हे कपाट चुकीच्या भिंतीला आहे’ म्हणाली, तर तिच्याशी वाद घालू नका, कपाट हलवायला मदत करा. मी माझ्या मुलाच्या वेळी वाद घातला. तो लाकूडकाम शिकायचं म्हणत होता आणि मी दोन वर्षं त्याच्याशी धड बोलले नाही. ती दोन वर्षं मला परत मिळाली नाहीत.

कॉम्प्युटरची दोन वर्षं वाया गेली म्हणू नका. आज इमारतीचं अख्खं मॉडेल रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये बांधतात, तिथे तिचा हात इतरांपेक्षा लवकर बसेल. अमेरिका किंवा कॅनडात असाल तर इंटिरिअर डिझायनरांच्या एनसीआयडीक्यू या पात्रता परीक्षेची माहिती काढा. तिचे ३ भाग आहेत. डिझाइनच्या पदवीबरोबर साधारण ३,५२० तासांचा कामाचा अनुभवही लागतो, म्हणजे दोनेक वर्षं. ‘कुणीही उठून करतं’ म्हणणाऱ्या तुमच्या यजमानांना एवढं वाचून दाखवा.

फीबद्दल: आधीचे क्रेडिट्स नव्या कॉलेजात किती धरतील, हे प्रवेशाआधी लेखी विचारा. नातेवाइकांना फोनवर काय सांगायचं? “डिझाइन शिकतेय.” बस्स. आणि लग्नाचं कसं होणार, हा प्रश्न विसाव्या वर्षी तिच्यापुढे ठेवूच नका.

टेप ५ मीटरची घ्या, ३ मीटरची खोलीला पुरत नाही.