जुन्या नोंदी उडवून टाकू का?

प्रश्न : ताई, आमचा ‘ॲक्सी इन्फिनिटी’ खेळणाऱ्यांचा गट आहे. ‘ॲक्सी’ नावाचे डिजिटल प्राणी लढवायचा, क्रिप्टोवर चालणारा हा ऑनलाइन गेम. कॉलेज रोड, पंचवटी, सिडको, सगळीकडची मुलं आहेत. गेममधल्या शब्दांची मराठी यादी मी 2021 पासून एका शीटवर सांभाळतोय. परवा एका नव्या मुलाने ‘एसएलपी’ची, म्हणजे गेममधल्या टोकनची (विकता येणाऱ्या डिजिटल नाण्याची) नोंद वाचली, ‘ॲडव्हेंचर खेळलं की मिळतात’. ॲडव्हेंचर म्हणजे संगणकाविरुद्धचे डाव. बिचारा रात्रभर खेळला, हाती काही नाही, मग माझ्यावरच उखडला. काही जण म्हणतात, जुनं सगळं उडव. शीट सगळ्यांना खुली असल्याने कोणीही काहीही बदलतं. शिवाय टोकनचा रोजचा भाव यादीत हवा, असाही आग्रह आहे. काय करू?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : उडवू तर अजिबात नका. सातपूरच्या एका कारखान्यात ड्रॉइंगचं रेकॉर्ड मी बरीच वर्षं सांभाळलं. नवी रिव्हिजन आली की जुन्या कॉपीवर लाल शिक्का मारून ती वेगळ्या कपाटात जायची, फाडायची सोय नव्हती. जुन्या ड्रॉइंगवरून बनलेला पार्ट कुठल्या तरी मशीनमध्ये फिरतच असायचा ना! तुमच्याकडेही 2021 साली ॲक्सी घेतलेले गडी असतीलच, आणि ते बोलणार जुन्याच हिशेबाने.

नोंद खोटी नव्हती, तिच्यावर तारीख नव्हती, एवढंच. ॲडव्हेंचर आणि डेली क्वेस्टमधून (रोजच्या ठरलेल्या कामांतून) एसएलपी देणं गेमच्या कंपनीने फेब्रुवारी 2022 मध्ये बंद केलं. आता असं लिहा : ‘एसएलपी – गेममधलं टोकन. ॲक्सींचं ब्रीडिंग करताना (दोन ॲक्सींपासून नवी तयार करताना) खर्ची पडतं. फेब्रुवारी 2022 पर्यंत ॲडव्हेंचरमधूनही मिळायचं, मग ते बंद झालं.’ आणि शेजारच्या रकान्यात, नोंद शेवटची कधी आणि कोणी तपासली ते.

‘एनर्जी’च्या मात्र दोन नोंदी करा. जुन्या क्लासिक गेममध्ये (पहिल्या आवृत्तीत) दिवसभरात किती डावांची कमाई मिळणार हे जिच्यावर ठरायचं ती एक एनर्जी, आणि डावात पत्ते टाकायला लागते ती दुसरी. एकाच ओळीत कोंबलंत तर नवा माणूस गोंधळणारच.

आणखी एक रकाना वाढवा : ‘पैशाचं काय?’ माझ्या मते यादीचा खरा उपयोग तिथेच आहे. ‘स्कॉलर’समोर लिहा की ॲक्सी मालकाच्याच राहतात, खेळणाऱ्याला कमाईतला ठरलेला वाटा मिळतो. (घरी नुसतं ‘मला स्कॉलरशिप मिळाली’ म्हणालात तर आई पेढे वाटून मोकळी होईल.) ‘ब्रीडिंग’समोर, एक ॲक्सी जास्तीत जास्त सात वेळा. ‘ब्रिज’ (एका क्रिप्टो नेटवर्कवरून दुसऱ्यावर टोकन नेण्याची सोय) समोर मार्च 2022 ची चोरी यायलाच हवी. नऊपैकी पाच व्हॅलिडेटरच्या (व्यवहार मंजूर करणाऱ्यांच्या) डिजिटल चाव्या चोरांच्या हाती लागल्या आणि गेमच्या रोनिन नेटवर्कच्या ब्रिजवरून 1,73,600 इथर आणि 2 कोटी 55 लाख यूएसडीसी ही क्रिप्टो चलनं गेली. चोरी 23 तारखेची, कंपनीला पत्ता लागला 29 ला. जूनअखेर ब्रिज पुन्हा सुरू झाला, तेही लिहा, नाहीतर नोंद अर्धवट. आणि ‘कमाई’ हा शब्द यादीत असेल तर करही सांगा : एप्रिल 2022 पासून अशा व्यवहारांतल्या नफ्यावर 30 टक्के, वर सेस, आणि एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. जुलै 2022 पासून 1 टक्का टीडीएस आला, तो वेगळा.

शीटमध्ये कोणीही बदल करण्याची सोय आजच बंद करा. सूचना कोणीही करावी, पण बदल दोघांनीच करावा. त्यातला एक तरी टोकन विकून मोकळा झालेला असू दे. ज्याच्या वॉलेटमध्ये माल पडून आहे त्याच्या हातून ‘भविष्यात मोठी मागणी’ असं लिहिलं जातंच, त्यात वाईट हेतू असतोच असं नाही. असली वाक्यं दिसली की काढा. लिंकाही नकोत. यादीवर विश्वास बसलेला मुलगा खोट्या लिंकवर सीड फ्रेज (वॉलेट उघडणारे गुप्त शब्द) टाकून मोकळा होतो. कंपनीच्या घोषणेचं शीर्षक आणि तारीख लिहा, शोधणारा शोधेल.

भावाचं म्हणाल तर तो घालू नका. हेच एसएलपी 2021 मध्ये 30 सेंटच्या वर होतं आणि वर्षभरात एका सेंटच्याही खाली आलं. रोज तो आकडा बदलत बसलात, तर बाकीच्या नोंदी तपासणार कोण? एक्स्चेंजवर तो प्रत्येकाला दिसतोच.