बेळगावात घरच्या बागेत फुलपाखरं टिकावीत म्हणून काय लावावं? अळ्या घरी वाढवता येतात का?

तुम्ही लिहिलंय की हिंदवाडीत घरापुढे बारा फुटांची जागा आहे, झेंडू, झिनिया, सदाफुली लावून झाली, फुलपाखरं येतात, दोन मिनिटं भिरभिरतात आणि निघून जातात. शिवाय तिसरीतल्या मुलीला अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सगळं घरीच दाखवायचं आहे. मी वडगावात राहते, घरी शिवणकाम करते. मशीन खिडकीपाशी आहे आणि खिडकीबाहेर परड्यात कढीपत्त्याचं झाड. आठ-नऊ वर्षं साड्यांना फॉल लावता लावता त्या झाडाकडे बघते आहे, तेवढीच माझी विद्या.

फुलांवर ती जेवायला येतात. जेवण झालं की जाणारच. रेंगाळते ती मादी, आणि तीही पानासाठी. अळीला ठरावीक झाडांचीच पानं चालतात. भलत्या झाडावर ती उपाशी मरेल पण तोंड लावणार नाही. म्हणून अंडं घालण्याआधी मादी पानाला पाय लावून चव बघते. हे डोळ्यांनी दिसतं. सकाळी अकराच्या सुमाराला कॉमन लाइम नावाचं काळं-पिवळट फुलपाखरू परड्यात येतं, तुळशीला शिवतं, मोगऱ्याला शिवतं, नाक मुरडल्यासारखं पुढे जातं. कढीपत्त्याच्या कोवळ्या शेंड्याशी आलं की पंख फडफडते ठेवूनच पोट वाकवतं, एक अंडं चिकटवतं आणि दुसऱ्या फांदीकडे वळतं. तुमच्या तिन्ही झाडांत तिच्या कामाचं एकही पान नाही.

तेव्हा आधी कढीपत्ता लावा. कुंडीत लावला तरी चालतो, कुंडी जरा मोठी घ्या. लिंबू असेल तर तेही चालतं. पण खरी अडचण झाड लावण्यात नाही, लावल्यावर गप्प बसण्यात आहे. माझ्या झाडाला पहिल्यांदा अळ्या लागल्या तेव्हा शेजारच्या काकू कुंपणावरून ओरडल्या, “हुळ हत्त्याव री!” (कन्नडमध्ये, किडे लागलेत हो!) आणि लगेच मराठीत, “औषध मार की गं, झाड जाईल तुझं!” झाड गेलं नाही. शेंडे खाल्ले, महिन्याभरात दुप्पट फुटवा आला. आमटीच्या फोडणीला पानं कमी पडली तेवढे दिवस त्याच काकूंकडून मागून आणली, आणि टोमणेही खाल्ले.

औषधावरून एक रडगाणं. एकदा घरचं झाड पार खराटा झालं होतं आणि डब्यात सहा अळ्या खायला मागत होत्या. एका रोपवाटिकेतून हिरवंगार, तुकतुकीत कढीपत्त्याचं रोप आणलं. संध्याकाळी पानं घातली, सकाळी सहाच्या सहा लोळागोळा, तोंडातून हिरवं पाणी. औषध फवारलेलं होतं, किंवा मुळांशी घातलेलं होतं. मुळांशी घातलेलं पानात उतरतं आणि धुऊन जात नाही. तेव्हापासून विकतचं रोप दोन-तीन महिने नुसतं ठेवते, नवी पालवी आल्यावरच तिची पानं अळ्यांना देते. बाजारातली कढीपत्त्याची जुडी तर अजिबात नाही. ज्या खोलीत अळ्या असतील तिथे डासांची कॉइल किंवा भिंतीतल्या प्लगात लावायचं ते लिक्विडही लावू नका.

आता मुलीला दाखवायचं ते. डबा फार मोठा लागत नाही. मी बरणीएवढा प्लॅस्टिकचा डबा घेते आणि तोंडाला मच्छरदानीच्या कापडाचा तुकडा रबरबँडने लावते. कोवळ्या पानाच्या टोकाला लहान मोहरीएवढं फिकट पिवळं गोल अंडं दिसलं की ती काडीच कापून आणायची. अंडं पानावरून खरवडायचं नाही. काडी पाण्याच्या छोट्या बाटलीत उभी करा, पण बाटलीचं तोंड कापसाने गच्च बंद करा, नाहीतर अळी खाली उतरून पाण्यात बुडते. तीन-चार दिवसांत अंडं फुटतं. बाहेर आलेली अळी आधी स्वतःचंच टरफल खाते.

पहिले काही दिवस मुलगी म्हणेल, हे काय, ही तर चिमणीची शी! बरोबर म्हणेल. तपकिरी अंग आणि मधे पांढरा डाग, पक्ष्याला वाटावं घाण पडली आहे. चार वेळा कात टाकते, शेवटची टाकली की एकदम हिरवी होते. कात टाकण्याआधी दिवसभर एका जागी न हलता बसते. मेली समजून लोक तिला काडीने ढोसतात. ढोसू नका. हिरव्या अळीला मात्र एकदाच, हलकेच, मागून बोट लावून बघा. डोक्यामागून केशरी रंगाचं दोन टोकांचं शिंग बाहेर येतं आणि आंबट-उग्र वास सुटतो. माझ्या भाच्याला हा प्रकार इतका आवडला की त्याने दिवसभर तेच चालवलं, शेवटी डबा कपाटावर ठेवावा लागला.

हिरवी झाल्यावर खाण्याला सुमार नसतो. रोज ताजी पानं, रोज लेंड्या झाडून टाकायच्या, तळाला वर्तमानपत्र. ओल राहिली की बुरशी येते आणि अळ्या सडतात. म्हणून एका डब्यात दोन-तीनच ठेवा, बाकीच्या झाडावर राहू द्या. तिथे बुलबुल त्यातल्या बऱ्याच उचलेल, पण बुलबुलालाही पिल्लं आहेत. मुंग्यांसाठी आजीच्या वेळी दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत असायचे, तेच करा. मी स्टुलाचे चार पाय चार वाट्यांत ठेवते.

अंडं फुटल्यापासून दोन-तीन आठवड्यांनी, थंडीत आणखी उशिरा, अळी खाणं सोडते, पातळ शी करते आणि डब्यात येरझाऱ्या घालते. आजारी नाही, जागा शोधते आहे. आत एखादी खडबडीत काडी तिरकी लावून ठेवा. काडीला शेपूट चिकटवते आणि पाठीभोवती रेशमाचा एकच धागा घेऊन त्यात रेलून बसते, खिडकी पुसणारे कंबरेला दोर बांधतात तशी. दुसऱ्या दिवशी कात टाकली की कोष. हिरव्या काडीवर बहुतेक हिरवा, वाळक्या काडीवर बहुतेक तपकिरी. एकदा माझ्याच्याने तो धागा तुटला आणि कोष खाली पडला. मग जाड कागदाचा शंकू करून काडीला टाचणीने टाचला आणि कोष त्यात डोकं वर करून उभा ठेवला. आठवड्याने फुलपाखरू व्यवस्थित आलं. शंकूचा कागद खरखरीत असावा, गुळगुळीत कागदावर पाय धरत नाहीत.

आठ-दहा दिवसांनी कोष काळपट पडतो, आतली पंखांची नक्षी बाहेरून दिसायला लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला लवकर उठवा. बहुतेक वेळा सकाळीच निघतं, आणि निघायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. दूध उतू जातंय म्हणून गेलात की संपलं. पंख बोळा झालेल्या ओल्या सिल्कसारखे असतात. ते वर चढून लटकतं, अंगातलं पाणी पंखांत भरतं, इस्त्री फिरवल्यासारख्या घड्या जातात. मळकट पाण्याचे एक-दोन थेंब खाली टाकतं, ते ठीक आहे. दोन तास हात लावू नका. या वेळी खाली पडलं किंवा लटकायला जागा मिळाली नाही तर पंख तसेच चुरगळलेले वाळतात आणि ते कधी उडत नाही. माझी दोन अशी गेली, दोन्ही वेळा डबा बुटका होता.

दुसरी सोपी जात म्हणजे प्लेन टायगर, नारिंगी पंख आणि काळी-पांढरी किनार. हिची अळी मला मारुतीच्या माळेत सापडली. शनिवारी देवळासमोरून घेतलेली रुईच्या पानांची माळ, घरी येऊन पिशवीतून काढली तर एका पानाखाली काळे-पांढरे पट्टे, पिवळे ठिपके आणि अंगावर काळ्या मिशांच्या तीन जोड्या. ते पान माळेतून काढलं, बाकीची मारुतीला. ही अळी पानाची शीर आधी अर्धवट कुरतडते, चीक तिथेच गळून जातो, मग पुढचं पान निवांत खाते. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर फार वाईट, मुलीला पानं तोडायला लावू नका. घराजवळ रुई नको असेल तर हळदी-कुंकवाचं झाड लावा, लाल-पिवळ्या झुबक्यांचं, ते कुंडीत येतं आणि त्याच्या फुलांवर मोठी फुलपाखरंही बसतात. चीक त्यालाही आहे.

प्लेन टायगरचा कोष उलटा लटकतो, हिरवा, वर सोनेरी ठिपके. सगळ्यात देखणा आणि सगळ्यात दगाबाज. एकदा त्यातून फुलपाखराऐवजी पांढरे धागे लोंबले आणि टेबलावर चार किडे पडले. एक माशी अळीवर अंडी घालते, तिचे किडे आत वाढतात. भाचा रडला. मीही दोन दिवस डब्याकडे बघितलं नाही. अळी मोठी झाल्यावर घरात आणली तर हे होण्याची शक्यता जास्त, म्हणून अंडं किंवा अगदी बारीक अळीच आणा. आणि मुलीला आधीच सांगून ठेवा की चारातली एखादी जाणार.

बाकी बऱ्याच गोष्टी लावाव्या लागत नाहीत, काढायच्या थांबवाव्या लागतात. पावसात कुंपणाशी टाकळा उगवतो. कोवळा भाजीला घ्या, चार झाडं ठेवा, पिवळी छोटी फुलपाखरं त्यावर येतात. आंब्यावरचं बांडगूळ सगळं ओरबाडू नका. खालून पिवळं आणि कडेला लाल ठिपके असलेलं जे फुलपाखरू उंचावरून जातं, ज्याला मराठीत हळदीकुंकूच म्हणतात, त्याच्या अळ्या बांडगुळावरच वाढतात. (झाडही हळदी-कुंकू, फुलपाखरूही हळदीकुंकू, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.) आंब्याच्याच पानावर मधल्या शिरेवर शीर होऊन झोपलेली, दोन्ही बाजूंना माशाच्या काट्यांसारखे हिरवे केस पसरलेली अळी असते, कॉमन बॅरन फुलपाखराची. लोणच्याच्या कैऱ्या काढताना ती मी एकदाच बघितली, तीही तिच्यावर हात ठेवल्यावर. सीताफळावर ‘टेल्ड जे’ नावाचं फुलपाखरू येतं. घाणेरी लावू नका. फुलपाखरांना आवडते हे खरं, पण ती रान गिळते.

धुण्याच्या दगडाशी जिथे पाणी साचतं ती जागा सिमेंटने बुजवू नका. तिथल्या ओल्या मातीतून नर फुलपाखरं क्षार शोषतात. तुमच्याकडे तशी जागा नसेल तर पसरट मातीच्या भांड्यात लाल माती, वाळू आणि चिमूटभर मीठ घालून ओलं ठेवा. काळं पडलेलं केळंही एका कोपऱ्यात ठेवून बघा. काही फुलपाखरं फुलांकडे ढुंकून बघत नाहीत, सडक्या फळांवर मात्र तुटून पडतात.

आपल्याकडे खरा हंगाम पाऊस ओसरल्यावर, गणपतीपासून दिवाळीनंतरपर्यंत. ब्लू मॉरमॉन, जे महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखरू केलं, ते शेजारच्या पपनसावर या दिवसांत कधीमधी येतं. कर्नाटकाचं राज्य फुलपाखरू सदर्न बर्डविंग बघायचं तर जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जावं लागतं, ते आपल्या गल्लीत यायचं नाही. कुणाचं मोठं ते विचारू नका, या गावात त्यावरूनही मोर्चा निघेल. (मोठं बर्डविंगच.) तिकडे गेलात तर नुसतं बघा. भीमगड अभयारण्यातून अळी, कोष, रोप काहीही आणायचं नाही, आणि काही फुलपाखरांना 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. घरच्या झाडावर आपणहून आलेल्या कॉमन लाइमवर मुलीची हौस पुरी होते.

कढीपत्ता आधीच असेल तर उद्या सकाळी फक्त शेंडे तपासा, पानाच्या दोन्ही बाजू. अंडं मिळालं तर फोटो टाका. पण कुठलं आहे ते मला विचारू नका. कॉमन लाइम आणि कॉमन मॉरमॉन दोन्ही कढीपत्त्यावर येतात, अळ्या इतक्या सारख्या की मी अजून चुकते. गेल्या दसऱ्याला भाच्याशी दहा रुपयांची पैज लावली होती, लाइम म्हणून. पंख उघडले तर मॉरमॉनची मादी, तीही लाल ठिपक्यांची, विषारी क्रिम्सन रोज फुलपाखराचं सोंग घेतलेली. दहा रुपये द्यावे लागले.